डॉ. कमला सोहोनी : बी.एस्सी. ते पीएच.डी.



दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, आठवी-नववीची मुले प्रयोग मांडतात, पालक कौतुकाने बघतात. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला आणि १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे आता पाचवीतील मुलेही न अडखळता सांगतात. गेल्या खेपेस कार्यक्रम आटोपल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. रामन यांनी एका मराठी मुलीला केवळ ती मुलगी आहे म्हणून संस्थेत प्रवेश नाकारला होता, असे तिने कुठेतरी वाचले होते. हे खरे आहे का, असे तिने विचारले. मी म्हटले, खरे आहे. मग आपण त्यांना हार का घालतो, हा तिचा पुढचा प्रश्न. मला लगेच उत्तर सुचले नाही. तिला मी सांगितले की पुढच्या अंकात मी त्या मुलीविषयी लिहीन, तू ते वाच आणि मग आपण बोलू.

ती मुलगी म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. मराठी वाचकांना भागवत हे आडनाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या आणि १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एकाच घरात एक बहीण लोकसाहित्याकडे आणि दुसरी प्रयोगशाळेकडे वळली, आणि दोघींनीही मान तुकविली नाही.

घरात रसायनशास्त्र आधीपासूनच होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला त्या वेळी लोक सरळ टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, अगदी सुरुवातीच्या तुकड्यांत शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे बंधू. जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली ही संस्था स्थापन झाली. १९११ साली तेथे पहिले विद्यार्थी आले, तेव्हा शिकण्याचे विषय होते सामान्य रसायन, उपयोजित रसायन आणि विद्युत तंत्रज्ञान. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या वायूंच्या शोधात विल्यम रॅम्झे यांच्याबरोबर त्यांचाही हात होता. म्हणजे आपल्या कर्नाटकातील ही नावाजलेली संस्था आरंभी बव्हंशी रसायनशास्त्राचीच होती. आपणही वडील-काकांच्या संस्थेत जायचे, असे कमलाबाईंनी ठरविले असल्यास त्यात नवल नाही.

त्यासाठी आधी पदवी हवी. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र दुय्यम. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. येथे आपल्या भागातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या काळी धारवाडही मुंबई इलाख्यात होते. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ साली सुरू झाले ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न म्हणूनच. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी धारवाडला आले. म्हणजे १९३३ साली धारवाडमध्ये रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलाच्या हाती जे प्रमाणपत्र पडत असे, तेच कमलाबाईंच्याही हाती पडले. मुंबई, पुणे, कराची, धारवाड, सर्वांची परीक्षा एकच.

त्या यादीत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला पुढील संशोधनासाठी बंगळूरला प्रवेश मिळण्यात कसलीही अडचण नव्हती. कमलाबाईंनी अर्ज पाठविला. त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन संस्थेचे संचालक झाले होते, या पदावरील पहिले भारतीय. अर्ज नाकारला गेला. गुण कमी म्हणून नव्हे, जागा नाही म्हणूनही नव्हे. स्त्रिया संशोधनाच्या योग्यतेच्या नाहीत, असे कारण होते.

आपल्यापैकी किती जणांनी असा नकार मिळाल्यावर दुसरी वाट धरली असती? बी.एस्सी. मध्ये पहिली आलेली मुलगी, घरचे शिकलेले, मुंबईत नोकरी मिळू शकली असती. कमलाबाई बंगळूरला गेल्या. आपल्याला प्रवेश का नाही, याचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले आणि ते पटण्याजोगे नसल्याने रामन यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. हे हत्यार कसे वापरायचे हे त्या पिढीच्या मुलामुलींना कोणी शिकवावे लागत नव्हते. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परिवीक्षेचे. कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता नाही. आणि त्यांच्या असण्याने संस्थेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. तिसऱ्या अटीवर काही लिहावे असे मला वाटत नाही. ती वाचणाऱ्या प्रत्येक मुलीला ती समजते.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण त्या विसरल्या नाहीत. पुढे वृद्धापकाळी स्त्री वैज्ञानिकांच्या एका मेळाव्यात त्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला, आणि रामन थोर वैज्ञानिक असले तरी त्यांचे मन या बाबतीत संकुचित होते, असे स्वच्छ सांगितले.

संस्थेत त्यांना गुरू लाभले ते एम. श्रीनिवासय्या. जीवरसायनशास्त्राचे हे अध्यापक शिस्तीला कडक, पण शिकणाऱ्याला हातचे राखून न ठेवता देणारे. या विषयातील मूळ ग्रंथ त्यांनी कमलाबाईंकडून वाचून घेतले, त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करायला लावले. कामाचा विषय होता दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने.

या विषयावर थोडे थांबू या, कारण तो आपल्या ताटातला आहे. तुरीची डाळ, हरभरा, मूग, मटकी यांत प्रथिने भरपूर असतात, साधारण पाचवा हिस्सा. पण ती मोजायची कशी? प्रथिनांत नायट्रोजन असतो. डाळीचे पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातील सर्व नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करायचे, तो अमोनिया मोजायचा आणि आलेल्या नायट्रोजनाच्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. ही क्येल्डाल यांची पद्धत १८८३ पासून चालत आलेली आहे. पण त्यात एक फट आहे. डाळीतील सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. काही नायट्रोजन इतर लहान रेणूंत असतो. तो वेगळा काढल्याशिवाय खरा हिशोब लागत नाही. कडधान्यांतील हा प्रथिनेतर नायट्रोजन कमलाबाईंनी श्रीनिवासय्यांबरोबर अभ्यासला आणि तो शोधनिबंध १९३५ साली प्रसिद्ध झाला. ही फट किती मोठी ठरू शकते हे जगाला २००८ साली चीनमध्ये दिसले. तेथे पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन नावाचे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून प्रथिने भरपूर असल्याचा भास निर्माण केला गेला आणि लाखो बालके आजारी पडली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकडा येतो कुठून हे कळले पाहिजे, असे मी वर्गात म्हणते ते यासाठी.

एका वर्षाने रामन यांना कामाचा दर्जा मान्य करावा लागला. कमलाबाईंची परिवीक्षा संपली, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली त्यांनी आपले संशोधन मुंबई विद्यापीठाला सादर केले आणि विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. मिळविली.

पालकांना येथे प्रश्न पडेल की काम बंगळूरला आणि पदवी मुंबईची, हे कसे? कारण भारतीय विज्ञान संस्था त्या वेळी विद्यापीठ नव्हती. तिला तो दर्जा १९५८ साली मिळाला. तोपर्यंत तेथे काम करणाऱ्याने आपला प्रबंध कुठल्यातरी विद्यापीठाकडे पाठवायचा आणि पदवी त्या विद्यापीठाने द्यायची. शिवाय तेव्हाची एम.एस्सी. संशोधन करूनही घेता येत असे. आजच्यासारखे चार सत्रांचे पेपर, प्रात्यक्षिके आणि शेवटी छोटासा प्रकल्प असे तिचे रूप नव्हते.

ही व्यवस्था सर्वांना फळली नाही. ॲना मणी हे नाव आपण ऐकले असेल. त्या १९४० साली रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. कमलाबाईंमुळे उघडलेल्या दारातूनच आल्या म्हणायला हरकत नाही. त्यांच्याकडे मद्रासची भौतिक आणि रसायन या विषयांतील बी.एस्सी. ऑनर्स होती. पाच वर्षे हिरे-माणकांच्या वर्णपटांवर काम करून त्यांनी १९४५ साली मद्रास विद्यापीठाकडे पीएच.डी. साठी प्रबंध पाठविला. विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण काय, तर एम.एस्सी. झालेली नाही. काम पुरेसे होते, मधली पायरी नव्हती. ॲना मणी पुढे हवामान खात्यात उपमहासंचालक झाल्या आणि त्यांचे काही अडले नाही, पण प्रत्येकाला ॲना मणी होता येत नाही. दहावीनंतर आमच्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगते. पी.यू.सी. विज्ञान, मग तीन वर्षांची बी.एस्सी., मग दोन वर्षांची एम.एस्सी., मग पीएच.डी. मधल्या काळात आपल्या राज्यात २०२१ साली चार वर्षांची पदवी आली आणि २०२४ साली पुन्हा तीन वर्षांची झाली, त्यामुळे गोंधळ झाला खरा, तरी क्रम तोच आहे. बी.एस्सी. ला रसायनशास्त्र सोडले आणि नंतर एम.एस्सी. रसायनशास्त्राला जावेसे वाटले, तर दार बंद असते.

एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई १९३७ साली इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. शिष्यवृत्ती मिळाली. न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांचे नाव दाखल झाले आणि काम सर विल्यम डन जीवरसायन संस्थेत सुरू झाले. या संस्थेचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, ज्यांना जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळाले होते. बंगळूरला ज्यांना एका वर्षाच्या परीक्षेवर घेतले गेले, त्यांना केंब्रिजमध्ये डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी टेबल दिले. मात्र तेथेही स्त्रियांना सर्व काही खुले होते असा समज करून घेऊ नये. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व १९४८ साली दिले, त्याआधी नाही.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाईंनी डॉ. रॉबिन हिल यांच्या हाताखाली काम सुरू केले. वनस्पतीच्या पेशीतून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांवर प्रकाश पडला तर ते प्राणवायू सोडतात, हे दाखविणारे हेच हिल. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात हिल अभिक्रिया येते ती त्यांच्याच नावाची. कमलाबाईंनी हाती घेतला बटाटा.

बटाटा श्वास घेतो हे आपल्या ध्यानात येत नाही. पण पोत्यात भरून ठेवलेले बटाटे उबदार लागतात, हवा न खेळल्यास काळे पडतात, हे हुबळीच्या अमरगोळ बाजारातील कुठलाही व्यापारी सांगेल. श्वसन म्हणजे अन्नातील ऊर्जा थोडी थोडी करून मोकळी करणे. या क्रियेत पेशीतील काही लोहयुक्त रंगीत प्रथिने हातोहात इलेक्ट्रॉन पुढे देतात आणि साखळीच्या शेवटी ते प्राणवायूला मिळतात. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून पाट्या पुढे देतात, तसे हे काम. या प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिजमधीलच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली कीटक, यीस्ट अशा अनेक सजीवांत सायटोक्रोम असल्याचे दाखवून दिले होते. वनस्पतीच्या ऊतींत काय चालते, हे नीट उलगडलेले नव्हते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना आढळले की वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सायटोक्रोम सी आहे आणि तो पेशीतील ऑक्सिडीकरणात भाग घेतो. म्हणजे आपण, यीस्ट आणि बटाटा, सर्वांच्या पेशी श्वसनासाठी तीच युक्ती वापरतात.

येथे एक कंस. माझे स्वतःचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकांत 'एंजाइम' ला 'प्रकिण्व' म्हणत, मराठी पुस्तकात तेच 'विकर', आणि आपली मुले पी.यू.सी. ला गेली की ते इंग्रजीतून समोर येते. मला पहिले वर्षभर मराठीत विज्ञान शिकविताना 'विकर' हा शब्द ऐनवेळी आठवत नसे आणि मुले हसत. तेव्हा भाषा बदलली की विषय कठीण होतो, ही भीती मला माहीत आहे. ती सहा महिन्यांत जाते. इंदूर, मुंबई, बंगळूर आणि केंब्रिज अशा चार ठिकाणी जगलेल्या कमलाबाईंना ती किती वेळा घालवावी लागली असेल!

कमलाबाईंचा पीएच.डी. चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. केंब्रिजला पोहोचल्यापासून साधारण चौदा महिन्यांत तो तयार झाला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. (त्यांना कधी कधी विज्ञानातील पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर म्हटले जाते, पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ साली मिळाली होती. भारतातील विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी यांचे नाव घेतात, कोलकाता, १९४४. प्रश्नमंजूषेच्या तयारीत असलेल्या मुलांनी हे तिन्ही वेगवेगळे लक्षात ठेवावे.)

बी.एस्सी. १९३३, एम.एस्सी. १९३६, पीएच.डी. १९३९. बरोबर तीन तीन वर्षांच्या अंतराने तीन पदव्या. परिवीक्षेचे एक वर्ष त्यातच आले.

त्यानंतर कमलाबाईंना इंग्लंडात किंवा अमेरिकेत राहता आले असते. महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्यानेच सुरू झाला होता. तेथे त्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाल्या. पुढे निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक होत्या आणि जीवनसत्त्वांवर काम करीत होत्या. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

१९४७ साली त्यांचा विवाह झाला. पती माधवराव सोहोनी हे विमाशास्त्रज्ञ. कमलाबाई मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, नव्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या. लग्न, दोन मुलगे, संसार आणि त्याबरोबर एम.एस्सी., पीएच.डी. च्या विद्यार्थ्यांचा गट, हे सर्व त्यांनी सांभाळले. येथूनच त्यांच्या आयुष्याचा मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग सुरू होतो. केंब्रिजचा शोध मोठा खरा, पण मुंबईतील काम थेट स्वयंपाकघरात येते.

आपल्याकडे वाल, पावटा यांना मोठा मान. कन्नडमध्ये अवरे. आपल्या आज्या वाल रात्रभर भिजत घालतात, मोड आणतात, सोलतात आणि मग नीट शिजवतात. कच्चा वाल कोणी खात नाही. का? आपल्या पोटात प्रथिने पचविण्याचे काम ट्रिप्सिन नावाचा विकर करतो. काही कडधान्यांत असे एक प्रथिन असते की ते या ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. त्याला ट्रिप्सिन प्रतिबंधक म्हणतात. बी आपले रक्षण करीत असते, खाणाऱ्याला ते पचू नये अशी तिची सोय. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात आपल्या देशातील भाज्या आणि कडधान्ये यांतील हे प्रतिबंधक शोधले. वालासारख्या कडधान्यातून ते स्फटिकरूपात शुद्ध करून दाखविले. उष्णतेने अशा प्रतिबंधकांचा जोर बराचसा जातो. आज्यांनी भिजवून, मोड आणून, शिजवून जे पिढ्यान्‌पिढ्या केले, त्याचे रसायनशास्त्र या गटाने मांडले. एम.एस्सी. च्या प्रबंधात डाळीतील नायट्रोजन मोजणारी मुलगी पंधरा-वीस वर्षांनी त्याच डाळीकडे परतली, आणि या वेळी तिच्याबरोबर तिचे विद्यार्थी होते.

दुसरा विषय नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी तो हाती घेतला. ताड-माडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. सूर्य वर आला आणि रस तसाच राहिला की तो आंबून त्याची ताडी होते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि पहाटेच रस उतरवतात. चुन्यामुळे रसातील आम्लता वाढत नाही आणि आंबविणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काही चालत नाही. कमलाबाईंच्या गटाला नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह चांगल्या प्रमाणात आढळले, आणि रस आटवून केलेल्या ताडगुळातही त्यांतील बराच भाग टिकून राहतो असे दिसले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे पुढील अभ्यासांत आढळले. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्ला दिला.

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे येण्यास चार वर्षे उशीर झाला. अंतर्गत राजकारण, एवढेच म्हणून पुढे जाऊ. १९३३ साली दारात उभे केले गेले आणि विभाग उभारल्यावरही पुन्हा थांबविले गेले. शेवटी त्या संचालक झाल्या. इतक्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक म्हणून केंब्रिजच्या डेरेक रिक्टर यांनी त्याची आवर्जून दखल घेतली.

निवृत्तीनंतर पुष्कळ लोक आठवणी लिहायला बसतात. कमलाबाई भेसळीच्या मागे लागल्या. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शन संस्था सुरू केली होती, देशात ग्राहक संरक्षण कायदा होण्याच्या वीस वर्षे आधी. कमलाबाई तिच्या सक्रिय कार्यकर्त्या, १९८२-८३ साली अध्यक्षा. संस्थेच्या 'कीमत' या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. हळदीत काय मिसळलेले असते, तेलात काय, हे सांगायला केंब्रिजची पीएच.डी. लागत नाही असे कोणी म्हणेल. पण दुकानदाराने उलट प्रश्न केला तर उत्तर देता येण्यासाठी रसायनशास्त्र लागते, आणि ते त्यांच्याकडे होते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. मी रामन यांचा हार काढायला सांगणार नाही. प्रकाशाचे विकिरण त्यांनी उलगडले. आज औषधाच्या कारखान्यात कच्चा माल तपासायला रामन वर्णपटमापक वापरतात, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी. ला तो विषय शिकविला जातो. १९५४ साली ते पहिल्या तीन भारतरत्नांपैकी एक झाले. हे सगळे खरे आहे, आणि १९३३ चा नकारही खरा आहे. तो नकार एका लहान मनाच्या सामान्य माणसाने दिला असता तर आपण विसरून गेलो असतो. एवढ्या बुद्धीच्या माणसाने तो दिला, हे मला अधिक गंभीर वाटते. कारण प्रकाश कसा वागतो हे त्यांनी प्रयोग करून ठरविले, आणि स्त्री काय करू शकते हे मात्र प्रयोगाशिवायच ठरवून टाकले. कमलाबाईंनी त्यांना तो प्रयोग करायला भाग पाडले. निकाल आल्यावर त्यांनी तो मान्य केला आणि दार उघडले, एवढे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. इतकी वर्षे आपल्या शाळेत २८ फेब्रुवारीला मी यातला अर्धाच भाग सांगत आले, ही चूक माझी.

आणि पालकांशीही थोडे बोलायचे आहे. दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर बसून कोणी ना कोणी सांगतो की मुलगी हुशार आहे, गुणही आहेत, पण विज्ञान नको, फार वर्षे लागतात, प्रयोगशाळेत उशीर होतो, धारवाडला रोज कसे पाठवायचे. मुलाच्या बाबतीत हेच वाक्य मी क्वचितच ऐकले आहे. तारिहाळहून हुबळीच्या विद्यानगरातील विज्ञान महाविद्यालयात बी.एस्सी. साठी आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात रसायनशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी. साठी घरून जाऊन येता येते. कमलाबाई १९३३ साली मुंबईहून बंगळूरला गेल्या होत्या, आणि तेथे त्या हव्या आहेत असे कोणी म्हणाले नव्हते. तुमच्या मुलीला आज प्रवेश नाकारणारे पत्र विद्यापीठाकडून येणार नाही. आले तर घरातूनच येईल. विश्वस्त मंडळापुढे मी प्रयोगशाळेच्या दुरुस्तीचा आणि नव्या तराजूंचा प्रस्ताव ठेवला आहे, त्यावरही या निमित्ताने विचार व्हावा ही विनंती.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार आयोजित केला. परिषदेच्या महासंचालक तेव्हा डॉ. जी. व्ही. सत्यवती या होत्या. कमलाबाईंच्या कामाची माहिती झाल्यावर त्यांनी पुढाकार घेऊन त्यांना दिल्लीस बोलावले. सभागृह भरलेले होते. देशाच्या वैद्यकीय संशोधनाच्या सर्वोच्च संस्थेची प्रमुख एक स्त्री होती आणि ती सत्यऐंशी वर्षांच्या आसपासच्या दुसऱ्या एका स्त्रीचा गौरव करीत होती. सत्कार समारंभ चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.